डाव्या गुडघ्याचे माप

एखाद्या नव्या टेपशेजारी मला ठेवले, दोघींची शून्ये जुळवली आणि बोट पुढे सरकवत नेले, तर माझा छत्तीसचा आकडा तिच्या अडतीसला भिडतो. एका सेंटिमीटरमागे फरक केसभराचाच आहे. पण केसाला केस जोडत गेले की दोन सेंटिमीटर होतात. मित्रांनो, मी एक जुनी कापडी टेप आहे. अंगभर आकडे आहेत, पण बोलायला तोंड नाही.

कारखान्यातून निघाले ती मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळ्यात पडले. खरोखरच गळ्यात, दिवसभर मी तिच्या खांद्यांवरून लोंबत असे. शाळेचे गणवेश शिवून ती घर चालवी. मी आकडा सांगायचा, तिने तो खडूने कापडावर उतरवायचा आणि कात्रीने निःशंक चालायचे. टेपला याहून मोठा मान नसतो.

तिच्या मुलीने मात्र मला भलत्याच कामाला जुंपले. दोन खुर्च्यांच्या मध्ये ती मला ताणून बांधी, आणि मी गोलपोस्टची आडवी दांडी होई. चेंडू खालून गेला की गोल. मला आदळला की ती कपाळावर हात मारी.

"अगं कारटे, पोटावर पाय आणतेस माझ्या!" आई ओरडायची. "ताणलीस ना टेप?"

ताणले गेले होतेच. आईने नवी टेप आणली आणि मी खिळ्यावर गेले. वर्षे गेली. मुलगी फॉरवर्ड म्हणून नावारूपाला आली, परदेशातल्या क्लबचे बोलावणे आले, आणि सामान भरताना तिने मला बुटात कोंबले.

"हे लक्तर कशाला?" आईने विचारले.

"माझा पहिला गोलपोस्ट आहे तो."

परदेशात तिने गोलांचा सपाटा लावला. स्टँडमधले लोक तिच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडत, असे म्हणतात. मी ऐकले नाही. मी बॅगेच्या तळाशी मोज्यांखाली होते. तिला माझी गरज नव्हती, आणि तेच बरे होते.

मग एका सामन्यात तिच्या उजव्या गुडघ्यात कट्कन वाजले. शस्त्रक्रिया झाली. सूज उतरल्यावर क्लबच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या टेपने मोजून बजावले, "हा गुडघा छत्तीस भरतो, डाव्याएवढाच, लक्षात ठेव. वाढला, की त्याच दिवशी मला सांगायचं. सुजलेल्या गुडघ्यावर खेळलीस, तर पुढे जिनासुद्धा चढता येणार नाही."

त्या दिवसापासून मी बॅगेतून बाहेर आले. रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसून ती मला गुडघ्याभोवती गुंडाळू लागली. या हंगामाअखेर तिचा करार संपत होता. तिशी गाठलेल्या आणि चिरलेल्या गुडघ्याच्या फॉरवर्डला कोण ठेवून घेणार? "फुटबॉल सोडून मला येतं काय?" असे तिने एकदा खोलीतल्या जोडीदारणीला, उंच गोलकीपरला विचारले होते.

गेले काही आठवडे गुडघा वाढतो आहे. मला त्याची ऊब लागते, नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखी. पण माझा आकडा छत्तीसच्या वर जात नाही. ती सुस्कारा सोडते आणि भिंत धरून जिना उतरते. कोचबाई विचारतात, "गुडघा कसा आहे? खरं सांग." ती म्हणते, "उद्या सांगते."

"तुझा तो 'उद्या' कुठल्या कॅलेंडरात येतो गं?" गोलकीपर चिडवते. "आणि रोज माप घेतेस ते कशाला? गुडघ्याला सूट शिवतेस की काय?"

आज शेवटचा सामना. सकाळी तिने मला गुंडाळले. छत्तीस. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं बाई, हे लक्तर अजून आहे?" आईला माझे टोक दिसले होते. "टाकून दे ते! एकदा त्याने माप घेतलं आणि नव्या टेपने चड्डी बेतली, तर बिचारा मुलगा कवायतीला वाकला आणि टर्रकन फाटली. त्याची आई चड्डी घेऊन दारात हजर!" आई हसली. "ही टेप ना, अगदी तुझ्यासारखी. असेल त्याहून कमीच सांगते."

मुलीने खाली माझ्याकडे पाहिले.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही, आई. ठेवते."

मी ताणलेली आहे हे ती विसरली होती, की तिला विसरायचे होते, हे मला सांगता येणार नाही. पण मित्रांनो, एवढ्या दिवसांत तिने डावा गुडघा एकदाही मोजला नव्हता. धड असलेला, न दुखणारा गुडघा.

आता तिने मला सोडवले आणि डाव्या गुडघ्याभोवती गुंडाळले. चौतीस. तिने मला सैल केले, पुन्हा घेतले. चौतीस. मग ती मला मुठीत धरून बसून राहिली. दारात गोलकीपर तोंडात ब्रश तसाच ठेवून उभी होती.

मुलीने फोन उचलला. घंटा वाजते आहे, तोवर माझे मागणे सांगून घेते. मित्रांनो, माप सांगणाऱ्या वस्तू जपून वापरा. त्यांना ताणू नका. ताणल्याच, तर त्यांनी सांगितलेल्या गोड आकड्यावर विसंबू नका. आणि जे दुखते आहे त्याचे माप घ्याल, तेव्हा जे दुखत नाही तेही शेजारी मोजून पाहा.

पलीकडून कोचबाईंचा आवाज आला. "बोल. संघाची नावं द्यायचीत मला."

तिच्या मुठीत माझा छत्तीसचा आकडा चुरगळला.

"मॅडम, माझा गुडघा सुजलाय. बरेच दिवस झाले. मी आज खेळणार नाही."