एकशेवीस-ऐंशी

"हे कागद कुणी लिहिलेत?" ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांची बोटं बराच वेळ तुळजाच्या डाव्या मनगटावर होती.

"आमच्या कामतघरच्या दवाखान्यात. अनंताभाऊ कंपाउंडर लिवतात."

"या हाताला नाडीच लागत नाहीये, आणि रक्तदाब दर वेळी एकशेवीस-ऐंशी?" बाईंनी तपासणीचा अहवाल पुढे ओढला. "हाताच्या मोठ्या रक्तवाहिनीला सूज आहे, ती बंद होत आलीय. हा आजार फार क्वचित दिसतो. गोळ्यांनी पुढचं थांबवू, हाताचं मात्र आज सांगता येत नाही. आधी यायचं होतंस."

"आलेच व्हते," तुळजा म्हणाली. "चार वर्सं."

चार वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात कांडी मशीनवर सूत भरताना डावा हात बधिर झाला, की ती तो मांडीवर आपटून जागा करायची. अनंता त्याच हाताला पट्टा बांधायचा, फुगवायचा, "यंत्र बी तुझ्यासारखंच थकलंय" म्हणून हसायचा आणि आकडा लिहायचा. वर सांगायचा, उपास सोड, अंगात रक्त न्हाय. लग्नाआधीपासूनचे सोमवार तिने त्याच्या शब्दावर सोडले. महादेवापुढे नाक घासून सोडले. हाताच्या मुंग्या सुटल्या नाहीत.

ठाण्याहून ती थेट दवाखान्यात गेली. बाकावर बायका होत्या. नंबर आल्यावर तिने खुर्चीत बसून डावा हात टेबलावर ठेवला.

"काय गं, आज पन चक्कर?"

"न्हाय. दाब बघा."

अनंताने पट्टा फुगवला, कानाला नळी लावली, हवा सोडली, पेन उचललं.

"किती आला?"

"नेहमीचाच."

"आवाज आयकलात?"

"अगं, यंत्र जुनं हाय..."

"मंग परत बघा."

त्याने परत पाहिलं. मग उजव्या हाताकडे वळला. तुळजाने तो पदराखाली घेतला.

"ह्योच बघा. हात माझा हाय. सोमवार पन माझेच व्हते."

तिसऱ्यांदा हवा सुटली, तेव्हा बाकावरच्या बायका माना उंचावून बघत होत्या. अनंताचे कान लाल झाले.

"न्हाय लागत," तो हळूच म्हणाला.

"तेच लिवा."

"असं कसं लिवू?"

"लागत न्हाय, असं. चार वर्सं तेवढंच लिवायचं व्हतं."

त्याने लिहिलं. तुळजाने कागद दोनदा वाचला, घडी केली आणि उठली.

पुढचा नंबर बाकावरच्या मैनामावशींचा होता. त्या खुर्चीत बसल्या, आणि अनंताने पट्टा उचलायच्या आधीच त्यांनी दोन्ही बाह्या वर सारल्या.