हजेरीतलं पहिलं नाव

केल्मा बेटावरच्या गावकरी स्वयंसेवकांच्या अग्निशमन कंपनीत दर गुरुवारी संध्याकाळी हजेरी व्हायची आणि ती निबाल्दो कार्कामो घ्यायचा. त्याला कागद लागत नसे. जो कंपनीत आधी आला त्याचे नाव आधी, एवढा साधा क्रम होता, आणि त्या क्रमाने सगळी नावे त्याच्या तोंडात बसली होती.

पहिले नाव क्लोदोमिरो बारियाचे. क्लोदोमिरो मरून बरीच वर्षे झाली होती. बंदरावरच्या गव्हाच्या गिरणीला आग लागली तेव्हा तो कॅप्टन होता. वर पोत्यांच्या मागे कोणी तरी अडकलेय असे समजून तो एकटा शिडीने चढला आणि छत त्याच्यावर आले. पोत्यांमागचा माणूस त्याआधीच खिडकीतून उतरून घरी गेला होता. ते खाली कळले तेव्हा वर सांगायला जायची वाटच उरली नव्हती. जळक्या गव्हाचा वास गावातून महिनाभर हलला नाही.

कामावर मेलेल्याचे नाव हजेरीतून काढायचे नाही, अशी या कंपनीची रीत. नाव पुकारले की सगळ्यांनी एकदम ओरडायचे, "हजर!" निबाल्दो पुकारायचा, कंपनी ओरडायची, खिडक्यांची तावदाने थरथरायची. मग तो दुसरे नाव घ्यायचा. ते त्याचे स्वतःचे होते.

क्लोदोमिरोची बायको ओर्फेलिना कंपनीच्या ठाण्यासमोरच राहायची. तिला ते ओरडणे चुलीपाशी बसल्या बसल्या ऐकू जाई. औषधाच्या दुकानात निबाल्दो काउंटरमागे सापडला की ती त्याला सोडत नसे.

"काय रे, काल आला होता का हजेरीला?"

"वहिनी, तो मान असतो..."

"मान म्हणे! जिवंत होता तेव्हाही तुमची शिट्टी वाजली की ताटावरून उठायचा. आता तरी सुट्टी द्याल की नाही? सारखं बोलावताय, तो घरी यायचा कधी?"

निबाल्दो हसल्यासारखे करायचा आणि तिच्या खोकल्याचे औषध कागदात गुंडाळायचा. कंपनीत त्याच्याइतका जुना जिवंत माणूस दुसरा नव्हता, पण अधिकाऱ्यांच्या निवडणुकीत तो कधी उभा राहिला नाही. "मला हुकूम पाळता येतो, देता येत नाही," असे तो म्हणायचा, आणि लोकांना ते खरे वाटायचे.

बहीण वारल्यावर त्यानेच वाढवलेली भाची यास्ना कंपनीत आली तेव्हाही त्याने तिला सगळ्यात आधी हेच शिकवले. आगीत हुकूम एकाचाच. ताबा ज्याच्याकडे आहे, त्याचेच ऐकायचे. दुसरा कोणी ओरडला, अगदी मी ओरडलो, तरी मान वळवायची नाही.

"आणि ताबा असलेलाच चुकला तर?" तिने विचारले होते.

"तर तो चुकला. दोघांचं ऐकून माणसं मरतात, पोरी."

त्या रविवारी शेजारच्या बेटावरच्या कंपनीचा वर्धापनदिन होता. कॅप्टन मान्सिया आणि सगळे अधिकारी पितळी बटणांचे कोट घालून सकाळच्या होडीने संचलनाला गेले. जाताना कॅप्टनने निबाल्दोच्या खांद्यावर हात ठेवला. "आज तुम्हीच जुने. काही झालं तर ताबा तुमच्याकडे."

"काही होणार नाही," निबाल्दो म्हणाला. ते त्याने स्वतःलाच सांगितले.

दुपारी धुके उतरले. असे धुके की ठाण्याच्या दारातून ओर्फेलिनाचे घर दिसेना. जेवणे उरकत होती तेवढ्यात भोंगा वाजला. धक्क्याजवळच्या खाणावळीला आग लागली होती.

बंब एराल्दोने चालवला. तो गावातला खाटीक, तोंडाचा मोकळा. मागे यास्ना आणि ओयार्सुन बंधू. खाणावळीची मालकीण रस्त्यात उभी होती, हातात पिठाचा गोळा तसाच. लाकडी फळ्यांच्या भिंतीतून धूर झिरपत होता आणि धुक्यात मिसळत होता. धूर कुठे संपतो आणि धुके कुठे सुरू होते ते कळत नव्हते.

"आत कोणी?" निबाल्दोने विचारले.

"कोणी नाही. वरच्या खोलीत एकच पाहुणा उतरला होता, तो पहाटेच मासेमारीला गेलाय. धुराड्यातनं पेटलं मेलं!"

निबाल्दोने रेडिओ तोंडाशी धरला. फक्त एक वाक्य म्हणायचे होते. ताबा माझ्याकडे. ते वाक्य म्हटल्याशिवाय कोणी पाऊल उचलायचे नाही, हा नियम. एराल्दो पंपापाशी वाट पाहत होता. यास्ना पाठीवरची हवेची टाकी आवळून त्याच्याकडे बघत होती. निबाल्दोने बटण दाबले. आणि तसेच सोडले.

"काय मामा, झोप लागली का?" एराल्दो ओरडला. "बोला की! का माझ्या बैलाला विचारू?"

तेवढ्यात रेडिओ बोलला.

"ताबा माझ्याकडे. एक नंबर बोलतोय."

एक नंबर म्हणजे कॅप्टन. आवाज जरा दुरून, खरखरीत, पण शांत. "पंप चालू करा. एक पाइप समुद्राच्या बाजूने, वाऱ्याच्या मागून. ओयार्सुन, शेजारच्या छपरावर पाणी."

"आली वाटतं होडी लवकर!" एराल्दो म्हणाला, आणि पंप घरघरू लागला.

निबाल्दोला हायसे वाटले. हुकूम नेमके होते. जसजसे येत गेले तसतशी आग दबत गेली. तो पाइप ओढत होता, सांगेल तसे वळत होता, आणि कॅप्टन धुक्यात कुठे उभा आहे ते बघत होता. कुठेच कोणी नव्हते. धक्क्यावर होडीही नव्हती.

मग त्याच्या लक्षात आले की मान्सिया कधी 'वाऱ्याच्या मागून' म्हणत नाही. तसे म्हणणारा एकच होता.

"शिडी उत्तरेच्या खिडकीला," रेडिओ म्हणाला.

खाणावळीला उत्तरेकडे खिडकी नव्हती. तिकडे नुसती भिंत होती. ओयार्सुन बंधू शिडी घेऊन भिंतीसमोर उभे राहिले आणि एकमेकांकडे बघू लागले.

"वर पोत्यांच्या मागे माणूस आहे. एकाने वर जा. आतल्या जिन्याने."

"यास्ना जातेय," यास्नाचा आवाज आला. ती दारातून आत शिरलीसुद्धा.

खाणावळीत पोती कुठली? पोती गिरणीत होती. उत्तरेची खिडकी गिरणीला होती. हा समोरची आग विझवत नव्हता. हा आपलीच आग विझवत होता, इतकी वर्षे, आणि आता त्यात यास्ना चालली होती. वरच्या मजल्याच्या फटींतून तांबूस उजेड दिसत होता. ती जमीन फार वेळ टिकणार नव्हती.

"यास्ना, परत ये!" तो रेडिओत ओरडला. "वर कोणी नाही!"

"मामा, मध्ये बोलू नका. ताबा एक नंबरकडे आहे." ती धापा टाकत बोलत होती. "तुम्हीच शिकवलंय."

"तो कॅप्टन नाही!"

"मग कोण आहे?"

याचे उत्तर कसे द्यायचे? आणि देऊन ती थांबली असती? तो आवाज पुन्हा आला, तसाच शांत. "चढत राहा. शाबास."

निबाल्दोने मालकिणीकडे पाहिले, आगीकडे पाहिले. त्याच्या मनात एक गोष्ट लख्ख झाली. अधिकारी नसतील तेव्हा ताबा हजेरीतल्या पहिल्या हजर माणसाचा. आज आपण पहिले नव्हतोच. दर गुरुवारी आपणच त्याला पुकारतो, सगळी कंपनी त्याला हजर म्हणते. तो आला, यात त्याची काय चूक? तो नियमानेच आला होता.

नियम आणखी एक होता. आगीवर कोणालाही शंका आली तर त्याने हजेरी पुकारावी. हजेरी चालू असताना सगळे हुकूम थांबतात. जो जिथे असेल त्याने तिथे थांबायचे. निबाल्दोने तो आयुष्यात कधी वापरला नव्हता.

"हजेरी!" त्याने बटण दाबून पुकारले. आवाज चिरकला. "सगळे जागेवर थांबा. हजेरी!"

पंप मंद झाला. आत जिन्यावरचे बुटांचे आवाज थांबले. रेडिओवर फक्त यास्नाचा श्वास ऐकू येत होता.

"क्लोदोमिरो बारिया," निबाल्दोने पुकारले.

सवयीने एराल्दोचे तोंड उघडले. "हज..."

"नाही," निबाल्दो म्हणाला. "हजर नाही. क्लोदोमिरो बारिया मेला. गिरणीत मेला."

आतून लाकूड तडकल्याचा आवाज आला. मग रेडिओ खरखरला. या वेळी आवाज शांत नव्हता. घरात वाट चुकलेल्या म्हाताऱ्यासारखा होता.

"मग वर कोण आहे?"

"वर कोणी नाही, कॅप्टन." "तो तेव्हाच उतरला होता. मागच्या खिडकीतून. जिवंत आहे अजून, मासळीबाजारात बर्फ फोडतो. नातवंडं आहेत त्याला."

निबाल्दोने रेडिओ कानाशी धरला.

"मला कोणी सांगितलं नाही."

"नाही सांगता आलं, कॅप्टन."

"निबाल्दो ना तू? औषधाच्या दुकानातला?"

"हो."

"ताबा कोणाकडे आहे मग?"

निबाल्दोने डोळे मिटले. "माझ्याकडे द्या."

"घे," आवाज म्हणाला. रेडिओत वाऱ्यासारखे काही तरी घुमले आणि थांबले.

"ताबा माझ्याकडे," निबाल्दो म्हणाला. वाक्य इतके सोपे निघाले की त्याचे त्यालाच नवल वाटले. "यास्ना, खाली. पळ. भिंतीला धरून पळ!"

ती दारातून बाहेर पडून रस्त्यात गुडघ्यांवर आली आणि तिच्यामागे वरचा मजला जिन्यासकट खाली बसला. ठिणग्या धुक्यात वर गेल्या आणि विझल्या. निबाल्दोने तिचे हेल्मेट काढून तोंड चाचपले, जणू ते जागेवर आहे की नाही याची खात्री करत होता.

"मामा," ती म्हणाली, "जिन्यावर माझ्यापुढे कोणी तरी चढत होतं. मला वाटलं, कॅप्टन. मी त्यांच्या मागे जात होते."

"गप्प बस. पाणी पी."

अधिकारी संध्याकाळच्या होडीने आले, तोपर्यंत राख निवत आली होती. कॅप्टन मान्सियाने विचारले, "ताबा कोणी घेतला होता?"

एराल्दो आयुष्यात पहिल्यांदा विनोद शोधत उभा राहिला आणि त्याला तो सापडला नाही. "निबाल्दोमामांनी," तो शेवटी म्हणाला. "जरा उशिरा."

गुरुवार आला. ठाण्यात सगळे ओळीने उभे राहिले. निबाल्दो समोर आला, त्याने हात मागे बांधले. कॅप्टन त्याच्याकडे बघत होता. यास्ना जमिनीकडे बघत होती. रीत मोडायची की पाळायची, हे कोणी ठरवले नव्हते, आणि निबाल्दोलाही ते ठरवता आले नव्हते.

"क्लोदोमिरो बारिया," तो हळूच म्हणाला.

कोणाचाच आवाज निघाला नाही.

"घरी आहे," मागून कोणी तरी म्हणाले.

ओर्फेलिना दारात उभी होती. अंगाभोवती शाल, हात ओले, कणीक लागलेले. ती काही तरी अर्धवट टाकून आली होती.

"रविवारी संध्याकाळी आला," ती म्हणाली. नवरा बाजारातून आला असे कोणी सांगावे तसे तिने सांगितले. "चुलीपाशी बसलाय. दमलाय फार. आता त्याला बोलावू नका."

कॅप्टन मान्सियाने टोपी काढली.

ओर्फेलिना वळली तेव्हा तिची शाल निबाल्दोच्या अगदी जवळून गेली. शालीला धुराचा वास होता. यात नवल काही नाही. या बेटावर घरोघर दिवसभर चूल पेटलेली असते, सगळ्यांच्याच कपड्यांना तो वास असतो. पण तो लाकडाचा असतो. हा गव्हाचा होता.

ती रस्ता ओलांडून गेली. तिच्या खिडकीत दिवा होता, आणि कोणी तरी आतून पडदा ओढून घेतला.

निबाल्दोने तिकडून नजर काढली आणि ओळीकडे वळला. यापुढे ते नाव तो घेणार नव्हता. आजवरचे दुसरे नाव आता पहिले होते.

"निबाल्दो कार्कामो," त्याने पुकारले, आणि त्यालाच उत्तर द्यायचे होते म्हणून जरा थांबला.

"हजर," तो म्हणाला.