लेकीच्या हातच्या पुड्या

"त्या पुड्यांना हात लावू नकोस," अण्णा म्हणाले.

माईंनी फ्रिजचं दार तसंच धरून ठेवलं. दुधाच्या भांड्यामागे काळ्या भुकटीच्या दोन पुड्या होत्या. लेकीने शेवटच्या खेपेला आणून ठेवलेल्या. त्यानंतर महिन्याभरातच साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

लेक जिवाणूंच्या प्रयोगशाळेत कामाला होती. घेवड्याच्या मुळांवर गाठी धरून हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू ती वाढवायची, भुकटीत मिसळून पुड्या भरायची. फ्रिजमधली एक पुडी त्यांची होती, दुसरी मातीत अडकून पडलेलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोकळं करणाऱ्या जिवाणूंची. दर पेरणीला ती अण्णांच्या मागे लागायची आणि अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"जन्मभर जंतू मारायची औषधं फवारली. आता हातानेच जंतू नेऊन शेतात सोडू?"

ती हसायची. "अण्णा, ताट वाढलेलंच आहे हो तुमच्या जमिनीत. पिकाला ते खाता येत नाही, एवढंच."

घेवडा मात्र दरवर्षी पिवळा पडायचा, शेंगा बेताच्याच लागायच्या. अण्णा कधी बियाण्याला नावं ठेवत, कधी हवेला. लेकीचं ऐकायचं राहून गेलं.

पेरणीच्या तोंडावर तिची मैत्रीण भेटायला आली. दोघी एकाच प्रयोगशाळेतल्या. चहा झाल्यावर माईंनी पुड्या तिच्यासमोर आणून ठेवल्या.

"तिच्या हातच्या आहेत. हे म्हणतात, राहू देत तशाच."

मैत्रिणीने एक पुडी उलटसुलट करून पाहिली. "काकू, तशाच नाही राहणार त्या. आत जीव आहे. फार तर हा हंगाम तग धरतील. मग नुसती भुकटी."

अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. "म्हणजे अजून जिवंत आहेत?"

"हो, काका."

ते खिडकीकडून वळून माईंना म्हणाले, "बी काढ."

अंगणात सावली बघून गोणपाट अंथरलं. साखरेच्या गार पाण्यात दोन्ही भुकट्या कालवल्या. मैत्रीण सांगत गेली आणि अण्णा बी हलक्या हाताने चोळत गेले.

"साल निघू देऊ नका. आणि उन्हात वाळवायचं नाही, मरतील. पेरताना थोडं स्फुरदाचं खतही द्या, गाठी धरायला लागतं. सगळा भार यांच्यावरच नको. एक तुकडा बिनभुकटीचा ठेवा, म्हणजे फरक कळेल."

"मला काही पडताळून बघायचं नाही," अण्णा म्हणाले.

उन्हाची तिरीप गोणपाटाच्या कडेला आली, तेव्हा ते उठले आणि तिच्या आड उभे राहिले. बी सुकेपर्यंत तिथून हलले नाहीत.

त्या वर्षी घेवडा काळपट हिरवा दिसू लागला. शेजारीपाजारी बांधावर थांबून विचारत, "यंदा काय घातलंत?" अण्णा सांगत, "लेकीने दिलं होतं." त्यापुढे कुणी विचारत नसे.

पीक फुलोऱ्यात असताना मैत्रीण पुन्हा आली. तिने खुरप्याने एक रोप उकरून काढलं, मुळं बादलीत हलवून धुतली. मुळांना मोहरीएवढ्या गाठी लगडल्या होत्या. त्यातली एक तिने नखाने चिरली. आत गुलाबी होतं.

"कामाला लागलेत, काका. अशी गुलाबी असली म्हणजे गाठ काम करतेय."

अण्णांनी रोप हातात घेतलं. "ती हे रोज बघायची?"

"रोज. आणि दर वेळी मला हाक मारायची, पहिल्यांदाच दिसल्यासारखी."

अण्णांनी मान हलवली.

मैत्रिणीला रस्त्यापर्यंत सोडून माई परत आल्या, तेव्हा अण्णा सरीत उकिडवे बसले होते. उकरलेलं रोप त्यांनी त्याच खड्ड्यात उभं केलं होतं. फुलावर आलेला घेवडा उपटल्यावर पुन्हा लागत नाही, हे शेतात हयात घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. तरी ते दोन्ही हातांनी भोवतीची माती दाबत होते.

"थोडं पाणी आण गं," ते वर न बघता म्हणाले.

माई बादली उचलून विहिरीकडे वळल्या.