एक डोंगल, तीन खुर्च्या

मी एक डोंगल. नाव ऐकून हसू नका. अंगठ्याएवढा काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा. पाहणाऱ्याला पेन ड्राइव्ह वाटतो. पण माझ्यात फोटो नाहीत, गाणी नाहीत. माझ्यात आहे ती फक्त परवानगी. यंत्रांच्या भागांची डिझाइनं करायचं एक महागडं सॉफ्टवेअर आहे. मी ज्या कॉम्प्युटरला लावलेला असेन, त्याच कॉम्प्युटरवर ते चालतं. मला उपसलं की पडद्यावर पाटी येते, ‘परवाना सापडला नाही’, आणि भल्याभल्या इंजिनिअरचे हात जागच्या जागी थांबतात.

एका मोठ्या कारखान्यात माझ्यासारखे ढिगानं जन्मले. कुणी मोटारींच्या कंपनीत गेलं, कुणी कॉलेजात. मी आलो कर्वेनगरला, तनुजाच्या ऑफिसात. ऑफिस कसलं, एका जुन्या सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्या साच्यांत तयार होतात, त्या साच्यांची डिझाइनं तिथं होत. तनुजा ही पुण्यानं गिळलेल्या एका गावातली शेतकऱ्याची मुलगी. दुसऱ्यांच्या कंपन्यांत राबून मग तिनं स्वतःचं काम सुरू केलं. नवी गाडी घ्यायचं पुढं ढकलून तिनं मला घेतलं होतं.

मी आलो त्या दिवशी तिची आई मथुराबाई मुद्दाम बघायला आल्या. मला तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, “येवढंसंच हाय व्हय गं? येवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या की!” तनुजा हसली. मथुराबाईंनी मात्र पिशवीतून काळा दोरा काढला आणि माझ्या टोकाशी असलेल्या बारीक भोकात ओवून गाठ मारली. दृष्ट लागू नये म्हणून. त्या दिवशी मला स्वतःचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

ऑफिसात डिझाइनर तीन आणि मी एक. सर्जेराव सगळ्यांत जुने, वयानं आणि मानानंही. सकाळी आले की ते मला आपल्या कॉम्प्युटरला लावत आणि मग फोनवर बोलोत, चहाला जावोत की डबा खावोत, मी तिथंच. शेफाली पुण्याची, हुशार आणि तिखट. समर्थ यवतमाळकडचा, नुकता नोकरीला लागलेला, कामाला वाघ. ही दोघं माझ्याकडे बघत बसून राहत. एके दिवशी शेफालीनं भिंतीवर कागद चिकटवला: ‘जेवायला जाताना डोंगल काढून ठेवावा. तो जेवत नाही.’ सर्जेरावांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि मला जागचं हलवलं नाही.

माणसांची ही सवय मी जवळून पाहिली आहे. वस्तू वापरायची नसली तरी ताब्यात हवी असते. सर्जेराव वाईट नव्हते. मी त्यांच्याकडे असणं म्हणजे ऑफिसातलं त्यांचं स्थान शाबूत असणं, एवढंच.

मग खडकीचं काम आलं. तिथं शुभंकर नावाचे गृहस्थ कृत्रिम पाय बनवायचा छोटा कारखाना चालवत. त्यांना नवा गुडघा हवा होता. बसताना वाकणारा, उभं राहिलं की घट्ट अडकणारा आणि गरिबाला परवडणारा. पाय बसवायचं शिबिर ठरलं होतं, गावोगावच्या माणसांना निरोप गेले होते. तनुजानं तिघांना एकेक भाग वाटून दिला. भाग तीन, तारीख एक आणि मीही एकच.

“ताई, माझ्या मित्राकडं या सॉफ्टवेअरची कॉपी आहे,” समर्थ म्हणाला. “डोंगलच लागत नाही. फुकट.”

“नको,” तनुजा म्हणाली.

पण काम पुढं सरकेना. शेवटी एका सोमवारी समर्थ आपला भाग पूर्ण करूनच घेऊन आला. चेहरा आनंदानं फुललेला. तनुजानं डिझाइन नीट पाहिलं. सुरेख होतं.

“कुठं केलंस?”

“घरी.” त्यानं मान खाली घातली. “त्या कॉपीवर. मी तं कंपनीच्या भल्यासाठीच केलं ना ताई.”

ती ओरडली नाही. “मागच्याच महिन्यात आपलं झाकणाचं डिझाइन एकानं उचललं आणि स्वतःचं म्हणून विकलं, आठवतंय?” तिनं विचारलं. “तेव्हा सगळ्यांत जास्त तूच चिडला होतास. आपण डोकं विकून पोट भरतो, समर्थ. दुसऱ्याचं डोकं फुकट घ्यायचं नाही.”

तिनं ती फाइल पुसली. माझ्या शेजारच्याच कॉम्प्युटरवर. मग सगळ्यांसमोर शुभंकरांना फोन लावला आणि चूक आपली आहे असं सांगून एक आठवडा वाढवून मागितला. काम हातचं जाऊ शकतं हे तिला माहीत होतं.

“शिबिराच्या तोंडावर सांगताय आपण,” शुभंकर म्हणाले. “आमची पळापळ होईल. होऊ द्या. पण गुडघा दगा देता कामा नये.”

तनुजानं फोन ठेवला. समर्थचे डोळे भरले होते. तेवढ्यात सर्जेराव उठले. त्यांनी मला स्वतःच्या हातानं उपसलं आणि समर्थच्या कॉम्प्युटरला लावलं.

“घे. डोक्यात आहे तोवर पुन्हा कर,” ते म्हणाले. “मी तोवर शेफालीची मापं कागदावर तपासतो. शेफालीबाई, चालेल ना आपल्याला?”

“अहो, चालेल काय, पळेल,” शेफाली म्हणाली.

त्या आठवड्यासारखं सुख मी कधी भोगलं नाही. सकाळी शेफाली, दुपारी सर्जेराव, दुपारनंतर समर्थ. ज्याचा हात चालू, त्याच्याकडे मी. हात थांबला की तो आपणहून मला पुढच्याकडे द्यायचा. एवढ्या हातांतून फिरलो, पण एकदाही ओढाताण झाली नाही. गुडघ्याचं डिझाइन वाढवून मिळालेल्या मुदतीत तयार झालं.

शिबिरानंतर एका दुपारी जिन्यात पावलं वाजली. सावकाश, पण ठाम. शुभंकरांबरोबर कोंडीराम नावाचे गृहस्थ आले होते. अपघातात त्यांचा पाय गेला होता. कठड्याला हात न लावता ते दुसऱ्या मजल्यावर चढून आले, खुर्चीवर बसले, पुन्हा उठले आणि म्हणाले, “मला बघायचं होतं, हा गुडघा कुणी बनवलाय.”

तनुजानं तिघांकडे बोट दाखवलं. सर्जेरावांनी डोळे पुसायला चष्मा काढला. मला कुणी दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. त्या गुडघ्याची प्रत्येक रेघ माझ्या परवानगीनं ओढलेली होती, आणि त्यात चोरीचं काही नव्हतं.

आता नवे परवाने इंटरनेटवरून येतात. ऑफिसात माणसं वाढलीत आणि माझ्या जातीचे डोंगल बनायचे बंद झालेत. मला तनुजाच्या टेबलाच्या खणात जागा आहे. जुनी डिझाइनं उघडायची असली की मात्र माझ्यावाचून चालत नाही.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं महागाचं, सगळ्यांच्या वाट्याचं काही असेल. काम असेल तेव्हा हक्कानं घ्या. काम झालं की सोडा. आणि चोरीचं कुणी फुकट देऊ केलं, तर घेऊ नका. आम्हा डोंगलांपैकी कुणाचा तरी अपमान होतो.

निरोप घेतो. खण उघडलाय. शुभंकरांना आता तोच गुडघा लहान मुलांच्या मापाचा हवा आहे, आणि समर्थ कामावर नव्यानं लागलेल्या मुलीला सांगतोय, “सांभाळून लाव. हे आपल्या ऑफिसातलं सगळ्यांत सीनियर माणूस आहे.”