नैनपूरचा मुक्काम

बालाघाटच्या मोटार स्टँडवर तिकिटाच्या खिडकीमागं डोमाजी बहेकारनं सव्वीस वर्षं काढली. त्या सव्वीस वर्षांत तो स्वतः गेला फार तर खैरलांजीपर्यंत, तेही लेकीच्या सासरी, नातवाच्या बारशाला. पण कुठं कसं जायचं हे मात्र अख्ख्या गावानं त्यालाच विचारायचं. बिरशाची पहिली मोटार कधी सुटते, उकव्याहून परतताना जागा कुठल्या गाडीत मिळते, हे तर त्याचं कामच होतं. पण छोट्या लाइनीच्या आगगाड्यासुद्धा त्याला तोंडपाठ होत्या. जबलपूरचा धबधबा कसा दिसतो हेही तो हातवारे करून सांगायचा. बघितला होता कुठं? ड्रायव्हरांकडून आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकलेलं सगळं.

त्याचे तीन दोस्त होते. महागू शिंपी, ज्याचं मशीन खिडकीच्या समोरच एका टपरीत खडखडायचं. हिरालाल, प्राथमिक शाळेतला मास्तर. आणि पुनाराम, टपालखात्यातला पोस्टमन. चौघं चौथीपर्यंत एका फळीवर बसले आणि पुढं चौघंही एकाच गावात चिकटून राहिले. पैशाच्या नावानं चौघांचीही बोंब. पण एकोणीसशे अठ्ठावन्न साली महागूच्या डोक्यात किडा शिरला. "लोकाईचे कोट शिवता शिवता मरून जाईन मी," तो म्हणाला. "नर्मदा तरी पाहून घेऊ बाप्पा, जिवंत असतानाच."

तेव्हापासून दरवर्षी सहल ठरलेली. भाऊबीज झाली की निघायचं. मास्तरला दिवाळीची सुट्टी, महागूची शिलाई उरकलेली, पुनाराम रजा टाकायचा. थर्ड क्लासचं तिकीट, फडक्यात बांधलेला चिवडा, शिजवायला एक गंज, तांदूळ आणि डाळ. नदी दिसली की तीन दगड मांडून खिचडी शिजवायची. हॉटेलात पाऊल ठेवायचं नाही हा महागूचा कायदा होता. सहल मंडल्याची असो, जबलपूरची असो की शिवनीची, नैनपूरला गाडी बदलावी लागायची आणि तिथं एक मुक्काम पडायचा. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत फुकट राहता येतं, हेही डोमाजीनंच त्यांना शोधून दिलं होतं. कुठं उतरा, कुठं चढा, कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसा, सगळं तो एका कागदावर लिहून द्यायचा.

आणि स्वतः? स्वतः तो खिडकीत. भाऊबीज संपली की आमच्या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते. दंडारीचं नाटक बघायला, पाव्हण्यांकडं जेवायला, पोरीला माहेराहून पोचवायला सारा जिल्हा मोटारींवर लोंबकळत असतो. त्या दिवसांत तिकीटबाबूला रजा मागणं म्हणजे लग्नात भटजीनं रजा मागण्यासारखं. निघायच्या आदल्या दिवशी महागू गळ्यात टेप अडकवून खिडकीवर टकटक करायचा.

"डोमा, येऊन राह्यला का?"

"मले कुठची सुटी भेटते? मंडईचे दिवस होत."

"मंग पुढच्या साली."

"हौ, पुढच्या साली."

असं सहा वर्षं चाललं. विचारायचं त्यानं, नाही म्हणायचं ह्यानं, आणि दोघांनी हसायचं. परत आले की तिघंही आधी खिडकीवर यायचे आणि म्हणायचे, तू सांगितलं तसंच होतं गड्या सारं. डोमाजीला त्यात फार बरं वाटायचं. गेल्यासारखंच वाटायचं.

सातव्या वर्षी, चौसष्ट साली, नवीन साहेब आला, हाताखाली एक जास्तीचा बाबू मिळाला आणि डोमाजीची चार दिवसांची रजा मंजूर झाली. मंजुरीचा कागद त्यानं खिशात ठेवला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. फक्त बायकोला, शेवंताबाईला सांगितलं. तिनं धोतर नीळ घालून धुतलं, चौघांना पुरेल एवढा चिवडा केला. महागू टकटक करील, विचारील, आणि आपण म्हणू 'हौ'. मग त्याचं तोंड कसं होतं ते बघू. डोमाजी आठवडाभर त्या एका 'हौ'वर जगत होता.

महागू आला. टेप गळ्यात होताच. त्यानं वाटेचा कागद घेतला, वाचला, घडी घालून ठेवला. थंडी यंदा लवकर पडून राह्यली म्हणाला. आणि गेला.

विचारलंच नाही.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, अरे, मग तूच सांगायचं होतंस! गळा तर बसला नव्हता तुझा? पण मान नावाचं जनावर मोठं विचित्र असतं, उपाशी मरेल पण स्वतः होऊन ताटावर बसणार नाही. डोमाजी घरी आला आणि टोपी न काढताच बाजेवर बसला.

"तुमीच काहून नाही बोलले?" शेवंताबाई म्हणाली.

"त्याईनं इचारलं पायजे."

"सहा साल इचारलं नं त्याईनं. तुमच्यानं एक डाव सांगणं नाही झालं?"

रजेचे चारही दिवस डोमाजी खिडकीत बसून राहिला आणि नव्या बाबूला घरी पाठवून दिलं. चिवडा दोघं नवराबायको पंधरा दिवस खात होते.

त्यानंतर तो कागद लिहून द्यायचा, पण मान वर न करता. परत आलेल्यांना कशी झाली सहल म्हणून विचारणं त्यानं सोडलं. आपण त्यांचे कोण? कागद लिहून देणारा बाबू. हे एकदा त्याच्या मनात बसलं ते बसलंच, आणि काढायला कोणी गेलं नाही, कारण बसलंय हे दोस्तांना ठाऊकच नव्हतं. सदुसष्टच्या उन्हाळ्यात महागू तीन दिवसांच्या तापात गेला. त्या दिवाळीला मास्तर आणि पुनाराम दोघंच जाऊन आले आणि सहली बंद पडल्या. सत्तर साली पुनाराम गेला. मास्तर भिलाईला पोराकडं राहायला गेला, दिवाळीला कार्ड टाकायचा, मग तेही येईनासं झालं आणि शेवटी त्याच्या पोराचंच कार्ड आलं, मास्तर गेल्याचं, वरचा कोपरा फाडलेलं. शेवंताबाई त्याच्याही आधी गेली होती.

त्र्याहत्तर साली डोमाजी रिटायर झाला. सकाळी उठून तो सवयीनं स्टँडवर जायचा आणि बाकावर बसायचा. नवा बाबू चांगला होता, चहा पाजायचा. पण लोक चौकशी त्याच्याकडं करायचे. महागूच्या टपरीत सायकलींचं दुकान निघालं होतं. दिवसभरात कोणाशी बोलणं व्हायचं म्हणजे "जरा सरका बाबा" एवढंच. एकटेपणा म्हणजे काय हे डोमाजीला तेव्हा कळलं. घरात कोणी नसणं हे त्यातलं अर्धंच होतं. आपल्याला कोणी कधी आपलं मानलं होतं का, हे विचारायलाही कोणी उरलं नव्हतं, हे दुसरं अर्धं. आणि तेच त्याला रात्रंदिवस खात होतं.

भाऊबीज झाली आणि एका सकाळी तो छोट्या गाडीत जाऊन बसला. कशाला, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं.

लामट्याच्या पुढं कमळांचं एक तळं लागतं, ते बघायला डाव्या खिडकीशी बसा, असं त्यानं दर कागदावर लिहिलं होतं. म्हणून तो डावीकडंच बसला. डावीकडं नुसतं सागाचं जंगल सरकत होतं. मागून कोणी तरी ओरडलं, देखो कमल, तेव्हा त्यानं वळून पाहिलं तर तळं उजवीकडं. म्हणजे ते तिघं दरसाल डावीकडं बसून झाडं बघत गेले आणि परत येऊन म्हणाले, तू सांगितलं तसंच होतं! डोमाजीला हसू आलं आणि त्या हसण्याची त्याला लाजही वाटली.

दुपार कलताना तो नैनपूरला उतरला. मंडल्याची गाडी दुसऱ्या दिवशी. धर्मशाळा सापडायला वेळ लागला नाही, पत्ता त्यानंच तर लिहून दिला होता. ओट्यावर म्हातारा मॅनेजर बसला होता, नाव बाबूलाल. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"कितने जन?"

"एकटाच आहो जी."

"अकेले आदमी को जगह नहीं मिलती। कायदा है।"

कायदा खराच होता, भिंतीवर रंगवलेला. एकट्या माणसाला मनाई, कारण मागं एकानं आत काही तरी बरंवाईट करून घेतलं होतं. दोघं-तिघं असतील तर ओसरी. चौघं असतील तर आतली खोली, खाटांसकट. डोमाजीनं पिशवी उचलली. म्हाताऱ्याला जरा वाईट वाटलं असावं, कारण त्यानं विचारलं, कुठून आलात.

"बालाघाट."

"बालाघाट!" बाबूलाल सरळ होऊन बसला. "बालाघाट की एक टोली आती थी हमारे यहाँ, हर साल, दिवाली के बाद। एक दर्जी था, बहुत हँसाता था। एक मास्टर और एक डाकिया। और चौथा कभी नहीं आया।"

"चौथा कोन?"

"क्या पता! हर साल नाम लिखाते थे, और कहते थे, पीछे की गाड़ी से आ रहा है। मोटर स्टैंड में काम है, निकलने नहीं देते। एक बार तो मैं खुद लालटेन लेकर स्टेशन देख आया।"

डोमाजीनं पिशवी खाली ठेवली. तो ओट्यावरच बसला. जुन्या वह्या बघायला मिळतील का, असं त्यानं विचारलं. पोलीस मागतात म्हणून वह्या जपून ठेवलेल्या होत्या. बाबूलालला तरी गप्पा मारायला कोण होतं? त्यानं कपाट उघडलं.

अठ्ठावन्न. महागूचं गिचमिड अक्षर. महागू, हिरालाल, पुनाराम, आणि खाली डोमाजी बहेकार, बालाघाट. एकोणसाठ, साठ, एकसष्ट, तसंच. चौसष्ट सालचं पान त्यानं काढलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात कडू वर्ष. तिथंही चौथं नाव त्याचंच.

"झूठ था सब," बाबूलाल हसत म्हणाला. "चार हों तो कमरा मिलता है न! बाद में मैं समझ गया था। पर भले लोग थे, मैं भी चुप रहा।"

डोमाजीच्या छातीत जे उमलू लागलं होतं ते तिथंच कोमेजलं. हां. खोलीसाठी. फुकटच्या खाटांसाठी नाव वापरलं होय! महागूचाच कायदा असणार. बरोबरच आहे, बाबूचं नाव, कामाला आलं. त्यानं वही मिटायला घेतली, आणि मिटता मिटता सदुसष्टचं पान उघडं पडलं.

मास्तरचं वळणदार अक्षर. हिरालाल. पुनाराम. डोमाजी बहेकार.

तीनच नावं. तिघांना खोली मिळत नाही. तो बराच वेळ मनातल्या मनात मोजत राहिला, जणू तिनाचे चार होतील.

"या साली खोली तं नाही भेटली असन?"

"नहीं। बरामदे में सोए, ठंड में।" बाबूलालनं चष्मा काढून पुसला. "मैंने कहा भी, मास्टरजी, अब इसका नाम काहे को लिखते हो, तीन में तो कमरा मिलना नहीं। बोले, रहने दो। दर्जी जाते-जाते कह गया है, उससे पूछना मत, बेचारे को हर बार ना कहना पड़ता है, मुँह उतर जाता है उसका। बस नाम लिख देना।"

डोमाजी रडला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस परक्या गावात परक्या माणसासमोर हुंदके देऊन रडला, आणि त्यानं तोंडसुद्धा झाकलं नाही. नऊ वर्षं ज्या गोष्टीचा त्यानं डंख धरला, ती महागूनं त्याच्यावर केलेली माया होती. आणि आता ह्याची माफी मागायची तर कोणाची?

बाबूलालनं पाण्याचा लोटा पुढं केला. मग डोमाजीनं डोळे पुसले, यंदाची वही ओढली आणि टाक उचलला. त्यानं लिहिलं, महागू. हिरालाल. पुनाराम. आणि चौथं, डोमाजी बहेकार, बालाघाट.

बाबूलालनं नावं वाचली. डोमाजीच्या तोंडाकडं पाहिलं, मग परत वहीकडं. आता त्याला समजलं.

"ये तीनों..." तो अडखळला. "पीछे की गाड़ी से आएँगे?"

"नाही जी," डोमाजी म्हणाला. "हे तं कवाचेच येऊन बसले. मागच्या गाडीनं आलो तो मीच."

बाबूलालनं आतल्या खोलीची किल्ली काढली.