समुद्राकडची बाजू

आमच्या वरोरच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायला बांबूच्या वलांड्या उभ्या असतात. आमची आणि सुषमाकाकींची वलांडी एकच, निम्मी निम्मी. काकी म्हणजे माझ्या सासूची धाकटी जाऊ. समुद्राकडची बाजू पहिल्यापासून काकींची. तिकडे वारा भरपूर, माल लवकर सुकतो. पण आता काही दिवस आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काकींच्या आधी जाऊन तिथे ठाण मांडायला लागल्या होत्या.

भांडण पेटायला वेळ लागला नाही. दोघींची जीभ तिखट, आणि मध्ये भरडली जाणारी मी.

"माझी बाजू सोड, वहिनी. नायतर माझे बांबू उपटून नेते," शेवटी काकी म्हणाल्या.

काकींचे बांबू निघाले असते तर सगळी वलांडीच आडवी झाली असती, आणि तिच्याबरोबर दोन घरंही.

"ने," आई म्हणाल्या. कारण मात्र सांगेनात.

मला रागच आला. वाऱ्यासाठी एवढा हट्ट? दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडी काठीवर टाकायची, हे काम आई झोपेतही करतील. पण त्यांच्या जोड्या सारख्या सुटून वाळूत पडत होत्या. मी उचलायला वाकले आणि वर बघितलं. आईंचं हाताकडे लक्षच नव्हतं. खाडीच्या तोंडाशी होड्या वळतात, तिथे त्यांची नजर होती. ती जागा फक्त त्या बाजूनेच दिसते.

मागच्या महिन्यात माझ्या नवऱ्याची, मुकेशची बोट इंजिन बंद पडून समुद्रातच अडकली होती. तेव्हापासून तो समुद्रावर गेला की मीही रेंज नसलेला मोबाइल हातात धरून बसते. पण माणूस समुद्रात असताना भीती बोलून दाखवायची नाही, ही आमच्या घरची रीत. बोलता येत नव्हतं, म्हणून आई भांडत होत्या.

रीत मलाही मोडवेना. मी एवढंच म्हटलं, "काकी, आई कुठं बघतात ते बघा जरा."

काकींनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बांबूवरचा हात काढून त्यांनी आपली टोपली आईंच्या पायाशी आदळली.

"माझे बोंबील तूच घाल इथं. मी तुझे तिकडं घालते. आणि पाडू नको, माझा माल हाय तो!"

आईंनी पदराने नाक पुसलं आणि टोपलीत हात घातला.

काकींना आता समोर फक्त घरं दिसत होती. ऊन कललं तरी त्या मान वर न करता जोड्या टाकत होत्या. मला वाटलं, राग काही गेला नाही. तेवढ्यात पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं,

"वहिनी, वळली का गं आपली बोट?"

"वळली," आई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांनी हातातल्या बोंबलांकडे बघितलं.