अंबारीची गिनी

ता. ५ जानेवारी १९३२, मंगळवार. सकाळी थंडी, आकाश स्वच्छ. दहा वाजल्यापासून पूर्वेचा कोरडा वारा, रस्त्यावर धूळ.

मी एक गिनी बोलते आहे. आधी तारीख आणि हवा सांगायची आणि मग बाकीचं, ही सवय मला इमामसाब घड्याळवाल्यांकडून लागली. त्यांच्या वहीचं प्रत्येक पान असंच सुरू होतं. त्या वहीत माझी अकरा पानं आहेत. बारावं आज लिहिलं गेलं.

माझा जन्म विलायतेत, लंडनच्या टाकसाळीत, सन १६६४ मध्ये झाला. माझं सोनं आफ्रिकेतल्या गिनी नावाच्या किनाऱ्यावरून आलं, म्हणून माझं नाव गिनी. एका बाजूला चार्ल्स नावाच्या राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला चार ढाली. ज्या कंपनीनं ते सोनं आणलं तिची खूण म्हणून राजाच्या मानेखाली एक हत्ती. हत्ती ज्वारीच्या दाण्याएवढा. माझ्या काळातल्या पुष्कळ गिन्यांवर तो नाही. टाकसाळीतून निघाले तेव्हा माझं वजन आठ मासे पाच गुंजा होतं.

तिथून जहाजानं सुरतेला आले. सुरतेपासून पुढं कोणाच्या कमरेला आणि कोणाच्या तिजोरीत होते, ते सांगता येत नाही. अंधारात एक तिजोरी दुसरीसारखीच असते. मग सोलापूरजवळच्या कुंभारी गावातल्या एका धनगरानं लष्कराच्या छावणीला मेंढ्यांचा कळप दिला, आणि त्याच्या मोबदल्यात मी त्याच्या हातात पडले. त्यानं मला मोडलं नाही. सोनाराकडून राजाच्या डोक्यावर एक कडी डाखून घेतली, काळ्या दोऱ्यात ओवलं आणि बायकोच्या गळ्यात घातलं.

वर मुकुटासारखी पानं घातलेला राजा आणि त्याच्या खाली हत्ती, तेव्हा राजा अंबारीत बसला आहे असं त्या घरानं ठरवलं. माझं नाव अंबारी पडलं. सासूकडून सुनेकडे अशी मी चार गळ्यांत राहिले.

मेंढरं घेऊन लांब निघालेला पुरुष असो की बाळंतपणाला माहेरी आलेली लेक असो, जो तो हत्तीवरून अंगठा फिरवायचा आणि तो अंगठा डोळ्यांना लावायचा. लक्ष्मीपूजनाला मला देवाच्या टाकांबरोबर चिंच आणि राखेनं घासायचे, मग दह्यादुधानं धुवायचे, हळदकुंकू लावायचे. माणसं ज्याच्यावर माया करतात त्याला सारखा हात लावतात, एवढं मी पाहिलं. मला त्याचं सुख नव्हतं आणि दुःखही नव्हतं.

चौथा गळा चिमाबाईचा. पन्नाशीची, उंच, घोगऱ्या आवाजाची विधवा बाई. दर मंगळवारी ती सोलापूरच्या बाजारात घोंगड्या विकायला यायची आणि इमामसाबांच्या दुकानाच्या पायरीशी बसायची.

इमामसाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ते घड्याळांच्या तबकड्यांवरून शिकले आणि पुढं एका मास्तरांनी दिलेल्या, नाण्यांच्या पानं सुटलेल्या सूचीवरून. त्यांना विडी नव्हती, पान नव्हतं. होता तो एकच नाद, जुन्या विलायती सोन्याच्या नाण्यांचा. पेठेतल्या सोनारांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की असं नाणं आलं तर मुशीत टाकण्याआधी मला दाखवा. वीस वर्षांत अशी चार जमली. एक हातोड्यानं ठोकलेलं पातळ, एक अर्धी गिनी, एक ॲन राणीची, आणि सन १७१८ ची पाव गिनी, करंगळीच्या नखाएवढी. एका सागवानी पेटीत गोल खाने कोरून ती त्यांनी ठेवली होती.

"मी समोर बसलीय ती दिसत नाय," त्यांची बायको नूरबी शेजारणींना सांगायची, "आणि मेलेल्या राजांची मुंडकी भिंग लावून बघत बसतात!"

ता. १४ मार्च १९२२, मंगळवार. ऊन कडक, वारा नाही. चिमाबाई घोंगडी झटकायला वाकली आणि मी लुगड्याबाहेर आले. इमामसाबांच्या डोळ्याला घड्याळाचं भिंग होतं. ते तसंच ठेवून ते पायरीवर आले.

"अक्का, ते गळ्यातलं जरा बघू का?"

"घोंगडं बगा की. इकायला ते आणलंय."

"एकदाच. दोरा काढू नका, असंच बघतो."

त्यांनी मला दोन बोटांनी कडेला धरलं, राजाला बोट न लावता. इतक्या वर्षांत मला कडेला धरणारा हा पहिला माणूस.

"अक्का, ह्याच्यात हत्ती हाय!"

"अगं बया! तीस वर्सं गळ्यात बांधून हिंडतीया, मला ठावंच न्हवतं बगा," चिमाबाई म्हणाली, आणि शेजारची भाजीवाली खळखळून हसली.

"विकणार का?"

"देव इकत्यात व्हय?"

"देव नव्हे, अक्का. इंग्लंडचा राजा आहे हा."

"असंल. आमच्या घरात आला तवा देव झाला."

इमामसाबांनी पुन्हा विकायचं नाव काढलं नाही. त्यांनी मला सांगितलं नाही, चिमाबाईला सांगितलं, की ह्या हत्तीमुळं हे नाणं वेगळं आहे, हत्ती गेला तर ही इतर गिन्यांसारखीच एक होईल. "घासू नका. अंगठा फिरवू नका. एवढंच मागणं आहे."

चिमाबाईनं थोडा विचार केला. "घरातल्यांचं हात कोण धरनार? पर एक सांगते. अंबारी आमच्या घरातनं भायेर पडली तर तुमच्याच हातात पडंल. बिरोबाची आन."

त्या दिवशी वहीत माझं पहिलं पान झालं. पेन्सिलीनं हत्ती काढला होता, आणि खाली लिहिलं होतं : हत्ती पूर्ण. सोंड, चार पाय, शेपूट. त्याच आठवड्यात इमामसाबांनी पेटीत पाचवा खाना कोरला, माझ्या मापाचा, वर कडीपुरती खाच ठेवून.

पुढं दर वर्षी दिवाळीनंतरच्या मंगळवारी चिमाबाई दोरा गळ्यातून काढून त्यांच्या हातात द्यायची आणि ते नवं पान लिहायचे. तेवीस साली शेपूट दिसेना. पंचवीस साली मागचा एक पाय गेला. वजन गुंजेच्या अंशानं उतरत होतं. इमामसाब कोणावर रागावले नाहीत. ते पेन्सिलीला टोक करून हत्ती होता तेवढा काढायचे. दर वर्षी चित्र लवकर संपायचं.

सव्वीस सालच्या दिवाळीत त्यांना राहवलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सायकलवरून सहा मैल कुंभारीला आले. हवा स्वच्छ, गवतावर दव. दारातच चिमाबाईची सून तानाबाई मांडीवर परात घेऊन बसली होती आणि मी परातीत होते.

"तानाबाई, राख नको. नुसत्या पाण्यानं धुवा."

"दिवाळीच्या दिशी लक्ष्मीला पारोशी ठिवू व्हय?"

"तिचा हत्ती झिजतो."

"तुमी घड्याळं पुसत न्हाय व्हय? मग त्यांचं काटं झिजलं का?"

चिमाबाई आतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. पावन्याचं मन मोडू नगं. दही लाव नुसतं." मग तिनं देव्हाऱ्यातला बिरोबाचा चांदीचा टाक आणून त्यांच्यापुढं धरला. "झिजायचं काय एवढं मनाला लावून घेता? ह्यो बगा. नाकडोळं पुसलं की आमचा शरणप्पा सोनार नवं काढून देतो. माझ्या डोळ्यांदेखत दोनदा दिलं."

इमामसाब तेव्हा माझ्याकडं बघत होते. टाकाचं त्यांनी वहीत लिहिलं नाही. ते सायकलवरून ओढ्यापलीकडं गेल्यावर तानाबाईनं माझ्यावरून राखेचा हात फिरवलाच.

गेल्या सप्टेंबरात सोन्याचा भाव एकाएकी चढला. बायका गळ्यातलं, कानातलं सराफाकडं नेऊ लागल्या. ते वितळवून मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जायचं. ज्या देशातून मी आले तिकडंच. चिमाबाईचा मुलगा सिद्धाप्पा जेवताना म्हणाला, "भाव हाय तवर अंबारी काढून टाकू." तिनं मला लुगड्याच्या आत सरकवलं.

ता. १७ नोव्हेंबर १९३१, मंगळवार. सकाळी धुकं, नऊला उघडलं. इमामसाबांनी बराच वेळ भिंग लावलं.

"पाठ हाय, पुढचा एक पाय हाय, सोंड सुरू होते तेवढी हाय. अजून ओळख पटते, अक्का. पण आणखी एक दिवाळी ह्याला सोसायची नाही. हा हत्ती जाता कामा नये."

चिमाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. साडेनऊ वर्षं हा माणूस तिच्याकडं एकच गोष्ट मागत होता.

"तुमालाच देते," ती म्हणाली. "पोराच्या मनात काय हाय ते दिसतंय मला. पर आज न्हाय. थोडं थांबा."

"आत्ताच द्या ना."

"थांबा म्हणलं की! नवऱ्यामुलागत घाई करताय."

पुढच्या मंगळवारी तिचा गळा मोकळा होता. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. इमामसाबांनी विचारलं, "अक्का, सिद्धाप्पानं मोडलं का?" ती हसली आणि घोंगडी झटकू लागली. सराफांकडं जाऊन त्यांनी चौकशी केली. कोणी मला पाहिलं नव्हतं. असे सहा मंगळवार गेले. पाचव्या खान्यात त्यांनी हिरव्या मखमलीचा नवा तुकडा चिकटवला होता, तो रिकामाच होता.

मी शरणप्पा सोनाराकडं होते. त्यानं राळ ऊन करून मला तिच्यात बसवलं. चिमाबाई समोर बसली होती.

"नुस्ता हत्ती काढू, का अंबारी बी?"

"अंबारी बी काढ. झूल काढ. सोंड वर पायजे, शुभ असती."

"राजाला मिशी दिसत न्हाय."

"मग राजा कसला?"

"काढतो. मिशीचं पैसं न्हाईत."

आधीचा हत्ती उठावाचा होता. नवा खोदायचा म्हणून शरणप्पानं प्रथम पाठ, पाय आणि सोंडेची सुरुवात कानशीनं सपाट केली. मग कोरणी धरली. मला दुखलं नाही. सोन्याला दुखत नाही. काम चांगलं झालं. झुलीच्या काठाला टिंबंसुद्धा सारख्या अंतरावर आहेत. माझा निघालेला कीस त्यानं कागदावर झाडून घेतला.

आज अकराच्या सुमारास चिमाबाई दुकानात आली. आज तिनं घोंगड्या आणल्या नव्हत्या.

"इमामसाब, डोळं मिटा."

"काय, अक्का, ह्या वयात?"

"मिटा की!"

पन्नाशीच्या त्या माणसानं डोळे मिटले. तिनं मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. पाहण्याआधी त्यांचा अंगठा माझ्यावरून फिरला. साडेनऊ वर्षांत तो पहिल्यांदा फिरला, आणि राजाच्या मानेखाली थांबला.

त्यांनी डोळे उघडले. भिंग लावलं. भिंतीवर नऊ घड्याळं चालू होती. भिंग लावलं की माणसाचा अर्धा चेहरा झाकतो, आणि मान खाली असली की उरलेलाही दिसत नाही. त्यांनी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवलं.

"दुसऱ्याच्या घरी देव द्यायचा तर झिजका द्यावा का?" चिमाबाई सांगत होती. "तुमी पूजा करत न्हाय, ठाव हाय मला. पर जपता. आता हत्ती कुटं जात न्हाय, शंभर वर्सं बगायला नगं. कसा हाय?"

"लई देखणा हाय, अक्का."

"आनि मिशी?"

"बघितली."

"ती फुकट काढली त्यानं!"

इमामसाबांनी रुमालात बांधून ठेवलेले पैसे पुढं केले. तिनं रुमाल दोन्ही हातांनी मागं सारला. "देव इकत्यात व्हय? फकस्त दिवाळीत एकदा दावत जावा."

"दाखवीन."

नूरबी चहा घेऊन आली. तिनं मला उचलून उजेडात धरलं. "या अल्ला, आता कुठं बघण्यासारखं झालं!" ती म्हणाली, आणि दोघी बायका हसल्या. चिमाबाई चहा पिऊन, मोकळ्या गळ्यावर पदर ओढून, कुंभारीची गाडी सुटायच्या आत निघून गेली. तिच्या चालण्यात घाई नव्हती.

ज्यांच्या घरात जुनं नाणं असेल त्यांना मला काही सांगता आलं असतं, तर एवढंच सांगितलं असतं, की ते कडेला धरा. बाकी माझं मागणं नाही. अडीचशे वर्षांहून जास्त झाली, पुष्कळ हात झाले.

इमामसाबांनी दुपारी मला काट्यावर घातलं, वजन दोनदा पाहिलं, पेन्सिलीला टोक केलं आणि नवा हत्ती वहीत काढला, झुलीच्या टिंबांसकट. चित्राला बराच वेळ लागला. खाली त्यांनी लिहिलं :

ता. ५ जानेवारी १९३२, मंगळवार. थंडी, पूर्वेचा वारा. गिनी, चार्ल्स राजा, सन १६६४. वजन कडीसह आठ मासे एक गुंज. कडी शाबूत. हत्ती नवा, खोदीव, अंबारीसकट, सोंड वर. मिशी नवी. किंमत घेतली नाही. खाना पाचवा, भरला.